कुशल हातांची किंमत

अंबरनाथच्या बुवापाड्यातील तरुण फिटरचे वा वायरमनचे प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडतो, तेव्हा आज त्याला दोन वाटा दिसतात. एक जवळच्या औद्योगिक वसाहतीकडे जाते. तेथे बहुधा ठेकेदाराच्या हजेरीपटावर नाव लागते. दुसरी परदेशाकडे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून ही वाट केवळ संगणकतज्ज्ञांची राहिलेली नाही. बाहेरून येणारा कामगार स्थानिकांची भाकरी हिरावतो काय, हा प्रश्न त्यामुळे आमच्या वाचकांच्या घरचाच झाला आहे.

अमेरिकेत तो दीर्घकाळ धुमसत आहे. तेथील १९९० च्या कायद्याने निर्माण केलेल्या एच-१बी व्हिसाखाली दरवर्षी ६५,००० आणि तेथील उच्चपदवीधरांसाठी आणखी २०,००० जागा असतात. मंजुऱ्यांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक भारतीयांच्या वाट्यास येतात. सप्टेंबर २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी नव्या अर्जांवर एक लक्ष डॉलरचा आकार बसविला, तेव्हा आपल्याकडे संताप उसळला. तो स्वाभाविक होता. परंतु अमेरिकन नोकरदाराची भीती निव्वळ द्वेष म्हणून झटकून टाकता येईल काय? २०१५ च्या सुमारास फ्लॉरिडातील डिस्नेने सुमारे २५० संगणक-कर्मचाऱ्यांस निरोप दिला. त्यांपैकी अनेकांना, आपल्या जागी व्हिसावर आलेल्यांस काम शिकवून मगच जावे लागले.

दोष येणाऱ्याचा नव्हे; ज्या अटींवर त्याला आणले जाते, त्या अटींचा आहे. व्हिसा मालकाच्या अर्जावर मिळतो. नोकरी गेली की साधारणतः ६० दिवसांत दुसरा मालक गाठावा, नाही तर देश सोडावा. ज्याला तक्रार करणे परवडत नाही तो स्वस्त पडतो, आणि त्याच्या शेजाऱ्याचाही भाव उतरवितो.

हा अनुभव आपल्याला नवा आहे काय? ठेक्याचा कामगार कायम कामगाराचेच काम करीत असेल, तर त्याला वेतनही तेवढेच द्यावे, असे १९७१ च्या केंद्रीय नियमांत स्पष्ट लिहिले होते. ते किती फाटकांच्या आत शिरले, हे कोणत्याही कामगारवस्तीत विचारून पाहावे. आणि २००९ मध्ये व्यापारी व्हिसावर येथील प्रकल्पांत राबणाऱ्या चिनी कामगारांस आपल्याच सरकारने परत जावयास सांगितले, हेही विसरू नये. स्वतःच्या कामगाराची काळजी वाहणे हा अमेरिकेचा एकटीचा हक्क नव्हे, आणि एकटीचा अपराधही नव्हे.

तेव्हा दार बंद करणे हा उपाय नाही आणि सताड उघडणे हाही नाही. समान कामास समान दाम आणि मालक बदलण्याची मोकळीक, या दोन गोष्टी कायद्याने मिळाल्या तर येणारा आणि असलेला, दोघेही तगतात. परदेशी कामगारास स्थानिकाहून हलक्या अटींवर ठेवू नये, हे तत्त्व जर्मनीच्या कायद्यात आहे. आपल्या शासनाने त्याचा आग्रह धरावा. जाणाऱ्या प्रत्येकाच्या हाती त्याचा करार मराठीत द्यावा. त्याला लुबाडणाऱ्या दलालांस आवर घालावा.

मात्र जो न्याय आम्ही स्टुटगार्टमध्ये मागणार, तो अंबरनाथच्या फाटकावर नाकारण्याचा अधिकार आम्हांस उरत नाही. बुवापाड्यातील तरुणाने परदेशी जावे ते हौसेने. घरच्या मजुरीला कंटाळून नव्हे.