बैल एकाचा, वही दुसऱ्याची : राजस्थानहून वाशिमला आलेल्या दोन समाजांच्या बारा गोष्टी

सोयाबीनच्या हंगामात वाशिम किंवा कारंज्याच्या बाजार समितीत चक्कर मारा. भाव पुकारणाऱ्या अडत्याचे पूर्वज मारवाडातून आलेले असू शकतात. पोती घेऊन आलेला शेतकरी मानोऱ्याकडच्या तांड्यावरचा असेल, तर तोही आपलं मूळ राजस्थानातच सांगेल. एक मारवाडी, दुसरा बंजारा. दोघांचेही पूर्वज व्यापारासाठी इथे आले आणि इथलेच झाले. मग एकाचं दुकान पेठेत कसं उभं राहिलं आणि दुसऱ्याचा तांडा गावाबाहेर का राहिला? घ्या बारा गोष्टी, उत्तर त्यातच आहे.

१. नातं बोलीत सापडतं

बंजाऱ्यांची गोरबोली ऐकली की मारवाडी माणसाला बरंच काही ओळखीचं वाटतं. भाषाशास्त्रज्ञ ग्रिअर्सनने आपल्या भाषासर्वेक्षणात बंजारीचं नातं राजस्थानी आणि गुजरातीशी जोडलं होतं. २०११ च्या जनगणनेत मारवाडी, बंजारी आणि लमाणी या तिन्ही बोली हिंदीच्या खात्यात मोजल्या गेल्या. मारवाडी सांगणारे ७८ लाख निघाले, तर बंजारी आणि लमाणी मिळून ४८ लाखांच्या वर. आडनावांचा गोंधळ तर आणखी गमतीचा. राठोड, पवार, चव्हाण, जाधव ही नावं तांड्यावर सर्रास भेटतात, त्यामुळे नुसत्या आडनावावरून समाज ओळखायला जाणारा हमखास चुकतो. तिकडे मारवाडी-जैन मंडळींची ओळख मूळ गावाला चिकटलेली आहे. ओसवाल ओसियाचे, खंडेलवाल खंडेल्याचे आणि कारंज्यात पूर्वापार नांदणारे बघेरवाल बघेऱ्याचे.

२. एका काफिल्यात दहा-बारा हजार बैल

सतराव्या शतकात फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए हिंदुस्थानात फिरला. धान्य वाहणारे बैलांचे तांडे पाहून तो थक्क झाला. एकेका काफिल्यात दहा-बारा हजार बैल असत, असं त्याने लिहून ठेवलंय. या वाहतूकदारांत चार गट होते आणि प्रत्येकाचा माल ठरलेला होता. एक गहू-ज्वारीसारखं धान्य नेई, दुसरा तांदूळ, तिसरा डाळी आणि चौथा मीठ. बंजारे या व्यवसायाला लदेणी म्हणतात. मोगल फौजा दख्खनेत उतरल्या त्या या लदेणीच्या भरवशावर. १८०३ च्या मोहिमेत इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या सैन्यालाही बंजारेच धान्य पुरवत होते. त्या मोहिमेतली अडगावची लढाई आजच्या अकोला जिल्ह्यात झाली, म्हणजे वाशिमच्या शेजारीच.

३. मिठासाठी घातलेलं कुंपण

मीठ हा लदेणीचा हुकमी माल. इंग्रजांनी मिठावर जबर कर बसवला आणि चोरटं मीठ अडवायला देशाच्या मधोमध जकातीची रेषा आखली. त्या रेषेवर काटेरी झाडांचं खरंखुरं कुंपण वाढवलं. ते पंजाबकडून थेट बऱ्हाणपुरापर्यंत, म्हणजे वऱ्हाडाच्या उंबऱ्यापर्यंत आलं होतं. राखणीला सुमारे १२ हजार माणसं होती. १८७९ मध्ये ही रेषा मोडली खरी, पण तोवर रेल्वेने लदेणीच्या मर्मावरच घाव घातला होता.

४. हुंडीला चारा लागत नाही

मारवाडी व्यापाऱ्याचं सगळ्यात मोठं हत्यार होतं एक कागद. दर्शनी हुंडी दाखवताच पैसे मिळत, मुद्दती हुंडीचे ठरलेल्या मुदतीनंतर. रोकड जागची न हलता पैसा शेकडो कोस पोचत असे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस अडला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ मध्ये रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचली. पुढे मूर्तिजापूर-यवतमाळ ही छोट्या रुळांची गाडी, आपली लाडकी शकुंतला, कारंज्यातून कापूस नेऊ लागली. मँचेस्टरमध्ये १९२१ साली बनलेलं तिचं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत धावत होतं! रेल्वे आल्यावर कापसात पैसा गुंतवणाऱ्याची गरज वाढली आणि माल वाहणाऱ्याची संपली. दोन समाजांच्या नशिबाच्या वाटा फुटल्या त्या याच वळणावर. कष्टात किंवा हुशारीत कोणीच कमी नव्हतं.

५. ‘काकाजी’ खरंच गेले का?

मारवाडी वह्या महाजनी ऊर्फ मुडिया लिपीत लिहिल्या जात. लिहायला झरझर, पण काना-मात्रा-वेलांट्यांना फाटा दिलेला. त्यावरचा एक किस्सा पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो. घरी पत्र आलं, ‘काकाजी अजमेर गया’. वाचणाऱ्याने वाचलं, ‘काकाजी आज मर गया’, आणि घरात रडारड सुरू झाली. बंजाऱ्यांच्या गोरबोलीला स्वतंत्र लिपी नाही. महाराष्ट्रात ती देवनागरीत लिहितात, कर्नाटकात कानडीत आणि तेलंगणात तेलुगूत. तांड्याचा जमाखर्च, वंशावळी आणि न्यायनिवाडे पाठांतरात आणि गाण्यांत राहिले. पुढे कचेऱ्यांचं राज्य आलं आणि कागदाला किंमत चढली, तेव्हा हा फरक फार महागात पडला.

६. बासा आणि तांडा

परमुलखात नव्याने आलेल्या मारवाडी पोराला पहिला आसरा बाशाचा. बासा म्हणजे जातभाईंनी मिळून चालवलेली राहण्या-जेवणाची सोय. तिथे पोटाची चिंता मिटायची, ओळखीपाळखीने गुमास्त्याची नोकरी लागायची आणि काही वर्षांत उधारीवर स्वतःचं दुकान उभं राहायचं. बंजाऱ्यांकडे हीच माया तांड्यात होती. नाईक पुढारी, कारभारी त्याचा सल्लागार, भांडणतंटा झाला तर पंचायत. कोणाचा बैल मेला, घरात मरण आलं, लग्न निघालं, तर अख्खा तांडा धावून यायचा. एकमेकांना धरून राहणं दोन्हीकडे सारखंच होतं. फरक एवढाच, की बाशातून भांडवलाकडे वाट जात होती. तांड्याची वाट बैलांवर अवलंबून होती आणि बैलांचं कामच संपलं.

७. एकाची नोंद वहीत, दुसऱ्याची पोलिसांत

१८७१ मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. फिरस्त्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा हा कायदा पुढे प्रांतोप्रांती पसरला आणि अनेक भागांत बंजाऱ्यांच्या माथीही तो शिक्का बसला. वऱ्हाडातल्या बंजाऱ्यांवरचा सर्वांत गाजलेला जुना वृत्तांत १८८२ चा, आणि तो लिहिणारा कंबरलेज पोलीस अधिकारी होता. शतकानुशतकं राज्यांना धान्य पुरवणाऱ्या समाजाची माहिती पोलीस खात्याने गोळा करावी, यातच सगळं आलं. तो काळा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. मारवाड्यांच्या वाट्यालाही रोष आला, पण वेगळा. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या आणि ते दंगे नगरपर्यंत पसरले. त्यातून १८७९ चा शेतकरी संरक्षण कायदा झाला. सावकाराची वही जळाली तरी दुकान पुन्हा उघडता येतं. माणसावर बसलेला शिक्का पुसायला मात्र पिढ्या जातात.

८. कारंज्याचा ग्रंथखजिना

कारंज्याला नृसिंह सरस्वतींच्या जन्मस्थानामुळे सगळा महाराष्ट्र ओळखतो. जैनांसाठीही हे गाव थोर. सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या तीन परंपरांची तीन मंदिरं इथे आहेत. त्यांच्या भांडारांत व्यापारी घराण्यांनी हस्तलिखितं जिवापाड जपली. त्या पोथ्यांतून अपभ्रंश भाषेतलं मोलाचं साहित्य बाहेर आलं आणि १९३० च्या दशकात डॉ. हिरालाल जैन यांच्या पुढाकाराने ‘कारंजा जैन ग्रंथमाला’ निघाली. ‘जसहरचरिउ’ आणि ‘करकंडचरिउ’ हे ग्रंथ जगाला मिळाले ते याच मालेतून.

९. कॉलेजच्या पाट्या वाचा

वाशिममध्ये राजस्थान आर्य महाविद्यालय. कारंज्यात किसनलाल नथमल गोयनका महाविद्यालय. जरा पुढे पुसदला जा, तिथे फुलसिंग नाईक महाविद्यालय. हे फुलसिंग नाईक गहुलीच्या तांड्याचे नाईक आणि माजी मुख्यमंत्री वसंतराव नाईकांचे वडील. पैसा हाती आल्यावर एका समाजाने शाळा-कॉलेजं काढली आणि सत्ता हाती आल्यावर दुसऱ्यानेही तेच केलं. या पाट्यांखालून सगळ्याच जातींची पोरं पदवी घेऊन बाहेर पडली, हा वऱ्हाडचा खरा नफा.

१०. मुख्यमंत्री दोन

राजकारणात तांड्याने पेठेला मागे टाकलं. वसंतराव नाईक ५ डिसेंबर १९६३ ते २० फेब्रुवारी १९७५, म्हणजे सलग अकरा वर्षांहून जास्त मुख्यमंत्री होते. १९७२ च्या दुष्काळात राज्यभर रोजगार हमी उभी राहिली ती त्यांच्याच कारकिर्दीत. १ जुलै हा त्यांचा जन्मदिवस राज्यात कृषी दिन म्हणून पाळतात. पुतणे सुधाकरराव १९९१ मध्ये मुख्यमंत्री झाले आणि जलसंधारणाचं स्वतंत्र खातं आलं. मारवाडी समाजातून महाराष्ट्राला अजून एकही मुख्यमंत्री मिळालेला नाही. पण अकोल्याचे ‘विदर्भ केसरी’ ब्रिजलाल बियाणी जुन्या मध्य प्रदेशात अर्थमंत्री होते आणि तेव्हा त्याच सरकारात तरुण वसंतराव उपमंत्री होते. आणखी एक योगायोग पाहा. पुसद तालुका १९०५ पर्यंत जुन्या बासीम (वाशिम) जिल्ह्यातच होता. त्या वर्षी जिल्हा मोडला आणि आजचा वाशिम जिल्हा जन्मला १ जुलै १९९८ रोजी, वसंतरावांच्याच जन्मतारखेला!

११. एकच समाज, राज्यागणिक वेगळी यादी

महाराष्ट्रात बंजारा समाज विमुक्त जाती ‘अ’ मध्ये येतो. एकूण चौदा जाती आणि त्यांच्यात मिळून आरक्षण ३ टक्के. कर्नाटकात तोच समाज अनुसूचित जातींत, तेलंगणात अनुसूचित जमातींत. तेलंगणातल्या बंजाऱ्यांना, म्हणजे तिथल्या लंबाड्यांना, हा दर्जा १९७६ मध्ये मिळाला. मामा आदिलाबादला आणि भाचा मानोऱ्याला असेल, तर एकाच रक्ताच्या दोघांना शाळेत, नोकरीत आणि निवडणुकीत वेगवेगळे हक्क. १९३१ नंतर देशाच्या जनगणनेतून सगळ्या जातींचे आकडे जाहीरच झाले नाहीत. आता येत्या जनगणनेत जात मोजायचं केंद्राने ३० एप्रिल २०२५ रोजी जाहीर केलंय. कोण किती पुढे गेलं आणि कोण मागे राहिलं, हे तेव्हा आकड्यांत बोलता येईल.

१२. पोहरादेवीचा नगारा

मानोरा तालुक्यातली पोहरादेवी म्हणजे बंजाऱ्यांची काशी. संत सेवालाल महाराजांची समाधी इथे आहे आणि रामनवमीला अनेक राज्यांतून भाविकांचा पूर लोटतो. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी इथे बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं. इमारत नगाऱ्याच्या आकाराची, चार मजल्यांची, आत तेरा दालनं. श्रावणात तांड्यावरच्या मुली टोपल्यांत गहू पेरून तीज साजरी करतात. मारवाडी घरांत गणगौरीला असेच अंकुर रुजवतात. मुलूख सुटून शतकं झाली, तरी दोन्ही घरांतली ओली माती तेच पीक देतेय.

मग फरक मिटायचा कसा?

बंजाऱ्यांचं चालणं अजून थांबलेलं नाही. दिवाळी झाली की मराठवाडा-विदर्भातल्या अनेक तांड्यांवरची घरं कुलूपबंद होतात. कोणी ऊसतोडीला, कोणी वीटभट्टीवर, कोणी पुण्या-मुंबईच्या बांधकामांवर. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो आणि पोरांची शाळा मधेच सुटते. मारवाड्यांच्या स्थलांतराने घरात भांडवल आणलं. तांड्याचं स्थलांतर बहुतेक वेळा उचल फेडण्यातच संपतं.

हा फरक म्हणजे निसर्गाचा नियम नाही, त्यामुळे तो मिटवता येतो. कर्नाटकाने वाट दाखवलीय. तिथे तांड्यांना महसुली गावाचा दर्जा दिला आणि १९ जानेवारी २०२३ रोजी कलबुर्गीजवळ ५० हजारांहून अधिक कुटुंबांच्या हाती राहत्या जागेची हक्कपत्रं पडली. ज्याच्या नावावर जागा, त्याला बँक दारात उभं करते. आपल्याकडे १९८४ पासून वसंतराव नाईकांच्या नावाचं विकास महामंडळ आहे, तांडा सुधार योजना आहे, मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची सोय आहे. ती वसतिगृहं गावकऱ्यांनी दिवाळीच्या आत सुरू करून घ्यावीत, तांड्याच्या जागेचे उतारे तहसीलमधून काढून घ्यावेत आणि महामंडळाच्या कर्जाचा अर्ज प्रत्येक तांड्यावर पोचवावा. मारवाडी पोराला बाशाने जे दिलं, म्हणजे डोक्यावर छप्पर, हिशेबाचं शिक्षण आणि विश्वासाने मिळणारं पहिलं कर्ज, तेवढंच तांड्यावरच्या पोरीला मिळू द्या. लदेणीच्या जोरावर ज्यांनी अर्ध्या देशाला धान्य पुरवलं, त्यांच्या नाती उद्या समृद्धी महामार्गावर स्वतःच्या मालाचे ट्रक धाडतील. माझा त्यावर पक्का विश्वास आहे.