गोपुराची मोहोर असलेला लॅपटॉप

ओरत्तनाडू, पापनाशम, पट्टुकोट्टै. तंजावर जिल्ह्यातल्या अशा कुठल्याही बाजारगावात संगणक दुरुस्तीच्या दुकानात येणारे एक यंत्र झाकणावरूनच ओळखू येते. त्यावर तामिळनाडू सरकारचे गोपुरचिन्ह असते. हा लॅपटॉप कुणी विकत घेतलेला नसतो, तो शाळेतून किंवा कॉलेजातून मिळालेला असतो. १५ सप्टेंबर २०११ रोजी, द्रविड नेते अण्णादुराई यांच्या जयंतीच्या दिवशी, तत्कालीन मुख्यमंत्री जयललिता यांनी सरकारी आणि अनुदानित शाळा-महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांना मोफत लॅपटॉप देण्याची योजना सुरू केली. पाच वर्षांत ६८ लाख यंत्रे आणि १०,२०० कोटी रुपये खर्च, असा तेव्हाचा अंदाज होता. खरेदी ‘एल्कॉट’ या राज्य सरकारच्या कंपनीने निविदा काढून केली. उद्दिष्ट गाठले गेले नाही, तरी पन्नास लाखांहून अधिक यंत्रे वाटली गेली.

पहिल्या वर्षांतली ती यंत्रे आता दशक ओलांडून बसली आहेत. ज्या मुलीला बारावीत लॅपटॉप मिळाला, ती नोकरीला लागली. लॅपटॉप धाकट्या भावाकडे, तिथून चुलत भावंडांकडे आणि शेवटी कपाटावर गेला. तिथून तो दुकानात येतो तो एकाच तक्रारीने: चालूच होत नाही. अशा यंत्रावर बहुतेकदा शेरा बसतो, ‘मदरबोर्ड गेला.’ हा शेरा अनेकदा घाईचा असतो. जुना लॅपटॉप सहसा सगळाच्या सगळा मरत नाही. त्याचा एखादा भाग मरतो, आणि तो भाग हुडकण्याची एक ठरलेली रीत आहे.

रीतीआधी हवापाणी बघितले पाहिजे, कारण बिघाडाची जात तेच ठरवते. कल्लणै धरणापाशी कावेरीला फाटे फुटतात आणि पुढे समुद्रापर्यंत सगळा भातपट्टा आहे. ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पाऊस. जानेवारी-फेब्रुवारीत सांबा भाताची कापणी, मळणी आणि त्याचा भुसा. एप्रिल-मेमध्ये अंग भाजणारा उन्हाळा. दमट हवेने जोडणीचे धातू काळवंडतात, भुसा आणि धूळ पंख्यात शिरते, मुंग्या चार्जरच्या डबीत घर करतात. १६ नोव्हेंबर २०१८ च्या पहाटे ‘गाजा’ चक्रीवादळ वेदारण्यमजवळ किनाऱ्यावर आदळले, तेव्हा पट्टुकोट्टै-पेरावूरणीच्या नारळबागा आडव्या झाल्या आणि विजेचे खांब मोडून कित्येक गावे बरेच दिवस अंधारात राहिली. छप्पर उडालेल्या घरात भिजलेले यंत्र वरून कोरडे दिसले, तरी आतल्या तांब्यावर हिरवट थर चढतच राहतो.

जाणता कारागीर सुरुवात यंत्राच्या बाहेरून करतो. आधी चार्जर. मल्टिमीटरवर १९ व्होल्टच्या आसपास आकडा दिसला म्हणजे चार्जर ठीक, असे होत नाही. भार नसताना पूर्ण दाब दाखवणारा चार्जर भार पडताच गळपटतो, म्हणून दुसरा चांगला चार्जर लावून बघायचा. मग बॅटरी. या जुन्या यंत्रांचे एक मोठे सुख म्हणजे खालची खिटी सरकवली की बॅटरी हातात येते. ती काढून ठेवायची, चार्जरही काढायचा आणि चालू करायचे बटण अर्धा मिनिट दाबून धरायचे. साठलेला भार उतरतो, आणि अडकून बसलेले कंट्रोलर कधीकधी एवढ्यावर सुटते.

दिवा लागतो, पंखा फिरतो, पडदा मात्र काळाच, असे असेल तर संशय मेमरीवर. पट्टी काढून तिच्या सोनेरी दातांवर खोडरबर फिरवायचे ही गल्लोगल्लीची युक्ती खरी आहे. फक्त रबराचा चुरा खाचेत पडू द्यायचा नाही आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्यायचे. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघायची, खाचही बदलून बघायची. टकटक आवाज येत असेल तर हार्ड डिस्क शेवटच्या घटका मोजते आहे. अशा वेळी आधी आतले फोटो आणि दाखले दुसरीकडे उतरवून घ्यायचे, दुरुस्ती मग.

एक बिघाड तर बिघाड वाटतच नाही. यंत्र सुरू होते, इंटरनेट जोडले जाते, पण एकही सरकारी संकेतस्थळ उघडत नाही. माणूस राउटरला दोष देत बसतो. खरे कारण असते मदरबोर्डावरची रुपयाएवढी सीआर-२०३२ बॅटरी. ती संपली की घड्याळ मागे, यंत्राच्या जन्मवर्षाच्या आसपास जाते. संकेतस्थळाचे सुरक्षा प्रमाणपत्र ‘अजून लागूच झालेले नाही’ असे त्या यंत्राला वाटते आणि ते दार लावून घेते. बॅटरी बदलून तारीख लावली की काम झाले.

खरा कस लागतो तो यंत्र पूर्ण निपचित असताना. मदरबोर्ड बाहेर काढून कारागीर मुख्य वीजवाहिनी आणि ग्राउंड यांमधला रोध मोजतो. आकडा शून्याजवळ आला, म्हणजे वाटेत कुठेतरी शॉर्ट आहे. प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या वाहिनीचा रोध मुळातच कमी असतो. तिथला लहान आकडा बघून नवशिके फसतात आणि चांगला बोर्ड भंगारात जातो. शॉर्ट नक्की झाला की टेबलावरच्या पॉवर सप्लायमधून त्याच वाहिनीत एखादा व्होल्ट, करंटला मर्यादा घालून, सोडायचा. बोर्डावर अल्कोहोलचा पातळ हात फिरवायचा आणि नजर ठेवायची. सगळीकडे ओल असते, पण एका जागी ती झर्रकन उडून जाते. तिथे तांदळाच्या कणीएवढा सिरॅमिक कपॅसिटर तापलेला असतो. तोच गुन्हेगार. हॉट एअरने तो उचलला की रोध वर जातो. त्या वाहिनीवर तसेच आणखी कपॅसिटर समांतर जोडलेले असल्याने बोर्ड अनेकदा त्याच्याविनाही चालू होतो. तरी त्याच मापाचा दुसरा बसवणे हेच नीट काम. सुटा भाग जवळ नसेल तर चेन्नईची रिची स्ट्रीट आहे. आपल्याकडे मुंबईचा लॅमिंग्टन रोड, तसे तामिळनाडूत ते ठिकाण.

दुसरा एक इलाज मात्र नाकारायला हवा: बोर्ड किंवा चिप भाजून काढणे. त्याला इतिहास आहे. १ जुलै २००६ पासून युरोपने विद्युत उपकरणांतल्या शिशावर बंदी आणली आणि जगभर बिनशिशाचा डाख आला. त्याच सुमारास एनव्हिडियाच्या काही ग्राफिक्स चिपांच्या आतले सूक्ष्म सांधे तापून-निवून तडकू लागले. २००८ मध्ये कंपनीला त्यापोटी १९.६ कोटी डॉलरची तरतूद करावी लागली. भाजल्यावर तो सांधा तात्पुरता जुळतो, यंत्र काही आठवडे चालते आणि गिऱ्हाईक पैसे देऊन मोकळे होते. तडा मात्र चिपच्या आत तसाच राहतो. स्वतंत्र ग्राफिक्स चिप नसलेल्या साध्या लॅपटॉपला ही भट्टी लावण्यात तर काहीच अर्थ नाही. त्याला गरज असते पंखा उघडून भुसा काढण्याची आणि प्रोसेसरवरची सुकून खडखडीत झालेली थर्मल पेस्ट बदलण्याची.

दुरुस्त झालेल्या यंत्राने करायचे काय, हा प्रश्न रास्त आहे. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० ला संपला, विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. पण हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवून हलके लिनक्स टाकले तर पत्रे, अर्ज, जमाखर्च आणि मुलांचा अभ्यास यांना हे यंत्र अजून पुरते. तामिळनाडूने २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात वीस लाख महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना नवी यंत्रे देण्याचे जाहीर केले. नवी येतात म्हणून जुनी भंगारात काढायची गरज नाही. पातळ नव्या यंत्रांत मेमरी अनेकदा बोर्डालाच डाखलेली असते. जुन्यात पेचकस घेऊन बसले की एकेक भाग सुटा होतो, आणि या बाबतीत जुनेच सरस आहे.

तुमच्या घरच्या कपाटावरही असे एखादे यंत्र असेल. दुकानात ‘मदरबोर्ड गेला’ असे सांगितले, तर दोनच प्रश्न विचारा: कोणत्या वाहिनीवर, आणि रोध किती दाखवतो? उत्तर मिळाले तर यंत्र तिथेच ठेवा. नाही मिळाले तर पैसे न देता उचला आणि दुसरे दुकान गाठा.