परवानगी मिळाली म्हणजे जमीन तपासली असे नव्हे

पुणे-नाशिक रस्त्यावर मोशीपासून चाकणपर्यंत जमिनीच्या व्यवहारांत दोन समजुती पक्क्या बसल्या आहेत. जुने काही निघाले की बांधकाम कायमचे अडकते, ही पहिली. सगळ्या परवानग्या मिळाल्या म्हणजे तिथे जपण्यासारखे काही नव्हतेच, ही दुसरी. दोन्ही चुकीच्या आहेत, पण दुसरी जास्त घातक आहे. आपले कायदे मुख्यतः नोंद झालेल्या गोष्टींचे रक्षण करतात; जिची नोंद नाही, ती गोष्ट परवानगीच्या फायलीत दिसतच नाही.

आधी भीतीचा विचार करू. 1958च्या पुरातत्त्व कायद्यात 2010 साली झालेल्या दुरुस्तीनुसार केंद्र संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून 100 मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही. असलेल्या घराची दुरुस्ती मात्र परवानगीने करता येते. त्यापुढच्या 200 मीटरांत रीतसर परवानगी घेऊन बांधता येते. राज्याच्या स्मारकांसाठी 1960चा वेगळा कायदा आहे. केंद्राला नवे स्मारक जाहीर करायचे झाले, तर आधी दोन महिन्यांची सूचना देऊन हरकती मागवाव्या लागतात. म्हणजे पायाच्या खोदाईत जुनी नाणी सापडली म्हणून जमीन हातची जात नाही. उलट 1878च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाची पुरलेली वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. ती बेवारस ठरली, तर शोधणाऱ्याला आणि जमीनमालकाला कायद्याने हिस्सा मिळतो. लपवणाऱ्याचा मात्र हिस्साही जातो आणि त्याला शिक्षाही होते.

‘आमच्या शिवारात लेणी नाहीत, किल्ला नाही, मग जपायचे काय?’ या प्रश्नाचे उत्तर याच जिल्ह्यात आहे. घोड नदीकाठच्या चांडोलीत डेक्कन कॉलेजने 1960 साली उत्खनन केले, तेव्हा तीन हजार वर्षांहून जुनी ताम्रपाषाणयुगीन वस्ती उजेडात आली. शेजारच्या जिल्ह्यात, प्रवराकाठच्या दायमाबादला, 1974 साली झुडपाचे मूळ खणताना बैलगाडीसह चार कांस्यशिल्पे हाती लागली. अशा वस्त्यांची खूण म्हणजे नदीकाठचे पांढरीचे टेकाड: राखट माती आणि तिच्यात विखुरलेली खापरे. जेसीबीने ते काही तासांत सपाट होते, आणि काय गेले हे कुणाला कळतही नाही.

वनस्पतींची स्थिती आणखी नाजूक आहे. ‘वृक्षतोडीची परवानगी घेतली, बदली झाडे लावली, विषय संपला’ असे मानले जाते. पण 1975चा कायदा झाडांचा आहे. गवत, कंद, कातळावरच्या वेली त्यात बसत नाहीत. शिवनेरीच्या कड्यावर कातळाच्या फटीत वाढणारी शिंदळ माकुडी पाहा. मांसल पाने, तारेच्या आकाराचे गडद तांबडे फूल, त्यावर पिवळी नक्षी. कोरड्या दिवसांत पाने गळून जातात. नर्सरीतली शंभर रोपे लावून तिचा कातळ परत मिळत नाही. वन्यजीव कायद्यातील वनस्पतींचे संरक्षण वनजमीन आणि अधिसूचित क्षेत्रांपुरते आहे. वनस्पती दुर्मीळ असली, तरी खासगी भूखंडावर ती त्या संरक्षणाबाहेर राहू शकते.

‘पर्यावरण मंजुरीत हे सगळे तपासतातच,’ असाही आक्षेप येईल. पण 2006च्या अधिसूचनेप्रमाणे इमारतींना ही मंजुरी 20,000 चौरस मीटर बांधकामापासून पुढे लागते. त्याहून लहान प्रकल्प या चाळणीतून जातच नाहीत. शिवाय पाहणी एप्रिल-मेमध्ये झाली, तर पावसाळ्यात उगवणाऱ्या वनस्पती अहवालात येणार कुठून? वेळ आणि खर्च वाढेल, ही तक्रार रास्त आहे. पण खर्च खरा वाढतो तो काम मध्येच थांबले की. पाहणी आराखड्याआधी झाली, तर पांढरीचा तुकडा किंवा कातळाचा माथा रेखांकनात सोडाव्या लागणाऱ्या मोकळ्या जागेतच बसवता येतो.

म्हणून पहिले काम नोंदीचे आहे. 2002च्या जैवविविधता कायद्याने स्थानिक स्वराज्य संस्थांवर जैवविविधता व्यवस्थापन समितीची जबाबदारी टाकली आहे आणि लोक जैवविविधता नोंदवही हे तिचे मुख्य साधन आहे. त्या नोंदवहीसोबत पांढरीची टेकाडे, वीरगळ, जुन्या विहिरी यांचा नकाशा तयार व्हावा आणि बांधकाम परवानगी देणाऱ्या विभागाने अर्ज हाती घेताच तो उघडून पाहावा. इंद्रायणीकाठी मोकळी जमीन दरवर्षी कमी होते आहे. जे उरले आहे त्याची नोंद आजच व्हायला हवी, कारण पाया भरल्यावर कोणताही कायदा ते परत आणू शकत नाही.