कोपऱ्यावर उभा राहिलेला चौरस

संक्रांतीला नागपूरच्या गच्च्यांवरून जे पतंग उडतात, त्यांतले बरेचसे चौरस कागदाचे असतात. पण फळ्यावर तोच चौरस कोपऱ्यावर उभा काढा आणि पाचवीच्या वर्गाला विचारा. ‘पतंग!’, ‘शंकरपाळं!’ अशी उत्तरं येतात. ४५ अंशांत फिरवला की मात्र सगळे म्हणतात, आता चौरस झाला.

भूमितीतला सगळ्यात चिवट गैरसमज हाच: आकृती कशी उभी आहे त्यावरून तिचं नाव ठरतं. वस्तुस्थिती अशी की चारही बाजू सारख्या आणि चारही कोन काटकोन असले, की तो चौरस. आकृती सरकवा, फिरवा, आरशात पाहा. लांबी, कोन, क्षेत्रफळ काहीच बदलत नाही. बदलते ती जागा आणि दिशा. परावर्तनात डाव्याचं उजवं होतं, एवढाच फरक. डाव्या पायाची चप्पल जमिनीवर कितीही गोल फिरवली तरी उजवी होत नाही. आरशात लगेच होते.

गंमत म्हणजे ‘पतंग’ म्हणणारं पोर अगदीच चुकलेलं नसतं. चौकोनाचा एक कर्ण दुसऱ्याचा लंबदुभाजक असला की तो पतंग. चौरस या अटीत बसतो. तो आयतही असतो आणि समभुज चौकोनही. चूक आहे ती ‘पतंग आहे म्हणजे चौरस नाही’ या तर्कात. याला मुलांपेक्षा आपली चित्रंच जास्त जबाबदार आहेत, असं मला वाटतं. त्रिकोण काढायचा तो पाया आडवा ठेवूनच. मग तिरक्या बाजूवर उंची टाकायची वेळ आली की मूल अडतं. डिना आणि पिएर व्हॅन हिले या डच शिक्षक दांपत्याने १९५७ साली मांडलं, की मुलं आधी आकार नुसत्या दिसण्यावरून ओळखतात, गुणधर्म पुढे कळू लागतात. आणि ही पायरी वयापेक्षा शिकवण्यामुळे चढली जाते.

‘सममिती म्हणजे घडी जुळणं’ हेही अर्धंच खरं. नेहमीचा, तिरका समांतरभुज चौकोन कर्णावर दुमडून बघा, कडा जुळत नाहीत. त्याला सममिती अक्षच नाही. पण कर्ण छेदतात त्या बिंदूभोवती १८० अंशांत फिरवला की तो स्वतःवर तंतोतंत बसतो. राष्ट्रध्वजावरच्या अशोकचक्राला २४ आरे आहेत. ते दर १५ अंशांना जुळतं.

मोठं-लहान करण्यात मोठी माणसंही फसतात. ‘दुप्पट केलं म्हणजे सगळंच दुप्पट’ असं वाटतं. कोन तेच राहतात, लांबी दुप्पट होते. पण क्षेत्रफळ चौपट आणि घनफळ आठपट. दीक्षाभूमीच्या स्तूपाचा व्यास १२० फूट. विज्ञान प्रदर्शनासाठी त्याची शंभरपट लहान थर्माकोलची प्रतिकृती केली, तर व्यास १.२ फूट येईल. घुमटावर लावायचा रंग मात्र मूळच्या दहा हजाराव्या भागाइतकाच पुरेल, आणि आतली पोकळी दहा लाखपट लहान असेल.