खडकाच्या वहीतले हरवलेले पान

आपल्या संत तुकाराम नगरात पाया खणायला घेतला, की काही हातांवर काळा कातळ लागतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा तो दगड. सातवीतल्या नातवाने विचारले, "आजोबा, त्याच्याही खाली ऑर्डोव्हिशियन असेल?" शब्द त्याने पुस्तकात वाचलेला. माझी हयात बँकेत खातेवह्या तपासण्यात गेली. जुने पान शोधायची खोड काही सुटत नाही.

हा काळ ४८ कोटी ते ४४ कोटी वर्षांपूर्वीचा. १८७९ साली चार्ल्स लॅपवर्थ यांनी वेल्समधल्या एका प्राचीन जमातीवरून त्याचे नाव ठेवले. त्याचा शेवटचा टप्पा हिर्नान्शियन, जेमतेम दहा-वीस लाख वर्षांचा. आजचे सहारा वाळवंट तेव्हा दक्षिण ध्रुवाकडे होते आणि त्यावर बर्फ चढला होता. पाणी बर्फात अडकले, समुद्र ओसरले, उथळ पाण्यातल्या जिवांचे घरच गेले. पुढे बर्फ वितळताना खोल पाण्यातला प्राणवायू घटला. शंभरातल्या सुमारे पंच्याऐंशी सागरी जाती त्या काळात संपल्या, असा अंदाज आहे.

आपल्याकडे याची नोंद कुठे? चंद्रपूर जिल्ह्यात इरई गावाजवळ, पैनगंगेच्या पात्रात जावे. खाली शंखशिंपल्यांच्याही आधीचा चुनखडक आणि त्यावर एकदम ३० कोटी वर्षांपूर्वीचा, हिमनदीने आणलेल्या गोट्यांचा थर! चुनखडकावर त्या बर्फाचे ओरखडेही आहेत. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या फेडन यांनी १८७५ साली त्यांविषयी लिहिले. पण हे हिमयुग फार नंतरचे. ऑर्डोव्हिशियनचे पान मधून गायबच आहे. एक तर तेव्हा गाळ साचला नाही, किंवा साचलेला झिजून गेला.

मात्र, वहीत नोंद नाही म्हणजे व्यवहारच झाला नाही, असे बँकेतला शिपाईही म्हणणार नाही. दुसऱ्या शाखेची वही बघावी लागते. ती शाखा हिमाचलातल्या स्पितीत आहे. तिथल्या पिन खोऱ्यात त्या काळच्या समुद्रतळाचे खडक आज बर्फाच्या शेजारी उभे आहेत.

निसर्गाने फाडलेल्या पानांना इलाज नाही. पण उरलेली पाने आपल्या हाती आहेत. चंद्रपूरचा चुनखडक सिमेंटसाठी फोडला जातो. घरे बांधायची तर ते आलेच. ओरखड्यांची ती शिळा तेवढी जपली पाहिजे. ताडोबाचा वाघ पाहायला मुलाबाळांसह जाल, तेव्हा एक दिवस पैनगंगेसाठीही राखून ठेवा. वाघ दिसेल न दिसेल, ती शिळा जागेवरच असते.