ट्रॅक्टरमागची ट्रॉली केवढी असावी?

श्रोतेहो, घरी नवा ट्रॅक्टर आला की त्याला हळदकुंकू लागते, नारळ फुटतो, आणि दुसऱ्याच दिवशी ओसरीवर प्रश्न निघतो, ट्रॉली केवढी घ्यायची? मग ज्याचे त्याचे मत पडते. एकजण म्हणतो तीन टनांची पुरे, दुसरा म्हणतो पाचाच्या खाली बघूच नका. तिसरा बहुधा पाहुणा असतो. तो म्हणतो, "अहो, ४५ अश्वशक्तीचं इंजिन आहे, घ्या की चांगली मोठी!"

पाहुणा खोटे बोलत नाही. पण त्याने हिशोब अर्धाच केलेला असतो. ट्रॅक्टर किती ओढील एवढेच त्याने पाहिले. किती आवरील, ते पाहिले नाही.

आधी ओढण्याचे पाहू. ४५ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरचे स्वतःचे वजन साधारण २ टन धरा. मागे रिकामी ट्रॉली दीड टनाची, आणि तिच्यात माल साडेचार टन. सगळे मिळून ८ टन झाले. चांगल्या डांबरी सपाट रस्त्यावर हवेच्या टायरची गाडी चालती ठेवायला टनामागे सुमारे २० किलोचा जोर लागतो. म्हणजे ८ टनांना १६० किलो. एवढा जोर लावीत ताशी २५ किलोमीटरने जायचे, तर चाकांपाशी १५ अश्वशक्ती पुरते. आता चढ आला. वीस फुटांना एक फूट असा चढ असेल, तर टनामागे आणखी ५० किलो लागतात. एकूण जोर ५६० किलोवर जातो, म्हणजे सपाटीच्या साडेतीन पट. तरीसुद्धा गिअर उतरवून ताशी १० किलोमीटरने चढायला वीसएक अश्वशक्तीत काम भागते. इंजिन पुरून उरते. फसगत होते ती इथेच! चढ सहज चढला म्हणून गडी खूश होतो आणि पुढच्या खेपेला दोन पोती जास्त टाकतो.

आता तोच रस्ता उलट उतरू. छत्रपती संभाजीनगरच्या आसपास राहणाऱ्यांना उताराची ओळख करून द्यायला नको. खुलताबादहून दौलताबादकडे येताना घाट आहे, आणि कन्नडहून चाळीसगावकडे उतरणारा औट्रम घाट तर सगळ्या मराठवाड्याला ठाऊक आहे. चढताना जे वजन मागे खेचीत होते तेच आता पाठीत रेटते. ते आवरायला आपल्याजवळ काय असते? बहुतेक ट्रॅक्टरांना ब्रेक असतो तो फक्त मागच्या दोन चाकांना, आणि गावोगावच्या बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेक मुळीच नसतो. म्हणजे आठ टनांची मिरवणूक दोन चाकांनी थांबवायची. ती चाके रस्त्याला धरतील तेवढाच ब्रेक खरा. पायाने कितीही दाबले तरी चाक जागच्या जागी अडकून घसरत गेले, तर त्या दाबण्याचा उपयोग नाही.

ढोबळ हिशोब करून पाहिला तर ताशी २५ किलोमीटरने जाणारा नुसता ट्रॅक्टर सुक्या डांबरावर सहा-सात मीटरांत उभा राहतो. मागे वर सांगितलेली भरलेली ट्रॉली असेल, तर सपाटीवर तोच १६ मीटर घेतो. वीस फुटांना एक फूट उतारावर २४ मीटर लागतात. आणि त्याच उतारावर पावसाची पहिली सर पडून गेलेली असेल, वर बारीक खडी पसरलेली असेल, तर ७० मीटर. यात माणसाला समोरचे दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा वेळ धरलेला नाही. त्या एका सेकंदात गाडी आणखी ७ मीटर गेलेली असते. शिवाय हा हिशोब ब्रेक उत्तम आणि टायर नवे धरून केला आहे. तुमचे टायर कसे आहेत ते तुम्हाला माहीत!

इंग्लंडात कुटुंबे मोटारीमागे चाकांवरचे छोटे घर जोडून सुटीला निघतात. तिथला नियम असा की, मागच्या गाडीला स्वतःचा ब्रेक नसेल तर तिचे भरलेले वजन ७५० किलोच्या, किंवा ओढणाऱ्या मोटारीच्या वजनाच्या निम्म्याच्या, यांत जे कमी असेल त्याच्या पुढे जाता कामा नये. ब्रेक असला तरी नवख्याने मोटारीच्या ८५ टक्क्यांच्या वर वजन मागे लावू नये, असा तिथल्या जाणत्यांचा सल्ला असतो. आपण दोन टनांच्या ट्रॅक्टरमागे सहा टन लावतो, म्हणजे तिप्पट. ट्रॅक्टर मोटारीपेक्षा सावकाश चालतो म्हणून हे निभते, हे खरे. पण ते निभते सावकाशपणावर, ताकदीवर नव्हे. उसाच्या हंगामात एकामागे दुसरी अशा दोन ट्रॉल्या जोडून जाणारे ट्रॅक्टर पाहिले की माझ्या तरी पोटात गोळा येतो.

वजन किती हा एक भाग झाला. ते कुठे ठेवले, हा दुसरा. हे आपल्या वाडवडिलांना शिकवावे लागत नव्हते. बैलगाडी भरताना माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. पुढे जास्त झाला की जू मानेवर बसते आणि बैल खांदे टाकतात. म्हणून जुना गाडीवान माल आखाच्या किंचित पुढे बसवी आणि जू हाताने उचलून अंदाज घेई. दोनचाकी ट्रॉलीचे अगदी असेच आहे. माल आखाच्या थोडा पुढे असला की काही वजन हुकावर येते, ट्रॅक्टरची मागची चाके जमिनीला घट्ट धरतात, आणि ओढणे व थांबवणे दोन्ही सोपे जाते. तेच पोती मागच्या फळीकडे रचली तर हुक वर उचलला जातो, चाके हलकी पडतात, आणि ट्रॉली रस्त्यावर शेपूट हलवल्यासारखी डावी-उजवी झुलू लागते. उलट हुकावर फारच भार टाकला तर ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी होतात आणि सुकाणू वळवूनही नाक वळत नाही.

शिक्षकबंधूंनी हे वर्गात करून दाखवावे. लाकडी खेळण्यातली दोनचाकी गाडी घ्यावी आणि तिच्या दांडीला ताणकाटा अडकवावा. एक वीट आधी आखाच्या पुढे, मग बरोबर आखावर, मग मागे ठेवावी. काट्यावर काय होते ते मुलांनाच वाचू द्यावे. फळी तिरपी करून गाडी वर ओढायला लावली की वीस फुटांना एक फुटाचा हिशोब मुलांना आपोआप कळतो, फळ्यावर लिहायला नको.

चारचाकी ट्रॉलीचे वजन तिच्या स्वतःच्या चारही चाकांवर बसते. हुकावर जवळजवळ काहीच येत नाही. ती उभी करायला सोपी, भरायला सोपी. पण ट्रॅक्टरच्या चाकांना ती पकड देत नाही, मागे घ्यायला अवघड, आणि उतारावर ढकलते जोरात. पावसाळ्यात काळ्या रानातून माल काढायचा असेल तर दोनचाकीच बरी. मऊ, ओल्या जमिनीत गाडी ओढायला डांबरापेक्षा चार-पाच पट जोर लागू शकतो, आणि तिथे मागच्या चाकांना पकड नसली तर इंजिन नुसते धूर काढीत बसते.

पाण्याच्या टँकरचे वेगळे सांगितले पाहिजे. २०१२-१३ आणि २०१५-१६ च्या दुष्काळांत आपल्याकडे किती वस्त्यांची तहान ट्रॅक्टरमागच्या टाकीने भागवली, हे श्रोत्यांनी डोळ्यांनी पाहिले आहे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. पाच हजार लिटरची टाकी भरली की पाच टन झाले, शिवाय टाकीचे लोखंड निराळे. भरलेल्या टाकीपेक्षा अर्धी टाकी जास्त अवघड, हे पुष्कळांना पटत नाही. पण घागर अर्धी घेऊन चालून पाहा. पाणी हिंदकळते. ब्रेक लावला की टाकीतले सगळे पाणी पुढे धावते, वळणावर बाहेरच्या बाजूला चढते. म्हणून टाकी घेताना आत भोके पाडलेले आडवे पत्रे बसवले आहेत का, ते झाकण उघडून बॅटरीने बघून घ्यावे. नसतील तर बसवून मागावेत. आणि वाटेत निम्मे पाणी वाटून पुढचा घाट उतरण्यापेक्षा, घाटाखालच्या वस्तीला वेगळी पूर्ण खेप करावी.

आता जो विषय बोलायला जड जातो तो. नाथषष्ठीला पैठणला जायचे, भद्रा मारुतीला जायचे, लग्नाचे वऱ्हाड न्यायचे, की ट्रॉलीत सतरंजी पडते. तीस माणसे म्हणजे जेमतेम दोन टन. उसापेक्षा ओझे हलके, म्हणून गडी जरा वेगात नेतो. पण पोती खाली तळाला बसलेली असतात आणि माणसे कडेच्या फळीवर, कोणी उभी, वळणावर सगळी एका बाजूला कलणारी. भार उंच गेला की उलटायला छोटी कड पुरते. ट्रॉलीला ना कमानपाटे धड, ना धरायला दांडा. ती मालासाठी नोंदलेली असते. माणसे नेणे कायद्यात बसत नाही, आणि अपघात झाला तर विम्याच्या पैशांसाठी घरच्यांना कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतात. तेव्हा ट्रॉली निवडताना "यात्रेलाही होईल" हा हिशोब धरूच नये. यात्रेला एस. टी. आहे. गर्दी असते, उभे राहावे लागते, मान्य आहे. पण तिला चारही बाजूंनी ब्रेक आहे.

मग घ्यावी तरी केवढी? कारागिराच्या तोंडच्या टनांवर जाऊ नये. तयार झालेली ट्रॉली रिकामी वजनकाट्यावर घालावी. जाड पत्र्याच्या हौसेने रिकामी ट्रॉलीच दोन टनांवर गेली, तर तेवढा माल जन्मभर कमी न्यावा लागेल. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे ट्रॉलीचीही नोंदणी लागते. त्या कागदावर रिकामे आणि भरलेले वजन लिहिलेले असते. ते आणि ट्रॅक्टरच्या पुस्तिकेतला आकडा शेजारी ठेवून वाचावा. माझे मत विचाराल तर, ज्याची रोजची वाट घाटातून आहे त्याने ब्रेक नसलेली ट्रॉली भरून ट्रॅक्टरच्या वजनाच्या फार पुढे नेऊ नये. ऐकायला हे चिकटपणाचे वाटेल, मला ठाऊक आहे. जास्त न्यायचे असेल तर ट्रॉलीलाच ब्रेक बसवून घ्यावा. हुकावर रेटा आला की आपोआप लागणारा ब्रेक मिळतो, ट्रॅक्टरच्या पायब्रेकला जोडलेलाही मिळतो. खर्च होतो. सपाट मुलखात, सावकाश चालणाऱ्याने थोडी सूट घेतली तर समजू शकतो.

हुकाची उंची मात्र सगळ्यांनीच जुळवून घ्यावी. जोडल्यावर ट्रॉलीचा तळ सपाट राहिला पाहिजे. नाक वर असेल तर माल आपोआप मागे सरकतो आणि उलाळीचा दोष कायमचा चिकटतो. पिनेला खाली अडकण असावी, शिवाय एक साखळी जोडावी. मागे लाल परावर्तक पट्ट्या आणि दिवा लावावा. रात्री उभ्या ट्रॉलीवर मागून येऊन आदळणारा मोटारसायकलवाला बहुधा शेजारच्याच गावचा असतो.

आणि शेतातून सडकेवर येताना ट्रॅक्टरचे दोन ब्रेक-पायटे एकमेकांना कडीने जोडावेत. शेतात वळण घ्यायला ते सुटे लागतात. सडकेवर सुटे राहिले आणि घाईत एकच दाबला गेला, तर एकच चाक थांबते, ट्रॅक्टर आडवा फिरतो आणि मागची ट्रॉली त्याच्यावर येते. उतार ज्या गिअरात चढला असता त्याच गिअरात उतरावा, क्लच दाबून मोकळा सोडू नये. ही कडी लावायला झाकण उघडावे लागत नाही की पाना लागत नाही, नुसते खाली वाकावे लागते.