दोन मिनिटांचा गुरू

संपादकांनी सांगितलं होतं, "संस्थेवर लिही. स्थापना, कार्य, अडचणी." तेव्हा स्थापना आधी उरकून घेतो. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था २२ ऑगस्ट १९४४ची. हौशी आकाशनिरीक्षकांची देशातली सगळ्यात जुनी संस्था म्हणून ती ओळखली जाते. १९८६मध्ये हॅलेचा धूमकेतू आला, त्याच्या आगेमागे मुंबईत खगोल मंडळ उभं राहिलं आणि वांगणीला त्यांच्या रात्री जागू लागल्या. मी ज्यांच्याबरोबर गेलो तो गट याच गोत्रातला, पण पंधरा-वीस जणांचा. नाव छापू नका, असं त्यांनी बजावलं. "छापलंत की शंभर गाड्या येतील. शंभर गाड्यांचे दोनशे हेडलाइट."

सातारा रस्ता सोडून आत गेलं की एक माळ लागतो, तिथे पौष अमावास्येच्या आदल्या रात्री आम्ही पोचलो. चटया, सोलापुरी चादरी, थर्मास. कुणीतरी टॉर्चला लाल जिलेटिन कागद लावत होतं, कारण पांढरा उजेड एकदा डोळ्यांत गेला की अंधाराला सरावायला पुन्हा वीस-तीस मिनिटं लागतात. गावातली पोरं, दोन कुटुंबं आणि इंजिनीअरिंग कॉलेजचा एक घोळका मिळून साठेक माणसं असतील.

मला संस्थेची माहिती हवी होती, पण मी अडकलो एका खोक्यापाशी. मरीन प्लायचं खोकं, त्यात पीव्हीसीची जाड नळी, नळीच्या बुडाशी आठ इंची आरसा. हे सगळं ज्यांनी घरी केलं, त्यांना सगळे नुसतं काका म्हणतात. ते पिंपरीला एका कारखान्याच्या टूलरूममध्ये होते, आता निवृत्त. आरसा घासायला त्यांना सात महिने लागले.

कसा घासला, हे मी तीनदा विचारलं. काचेच्या दोन जाड तबकड्या घ्यायच्या. एक पाणी भरलेल्या पिंपावर पक्की बसवायची, तिच्यावर ओला कार्बोरंडम, आणि त्यावर दुसरी तबकडी पुढेमागे घासत पिंपाभोवती हळूहळू फिरायचं. वरची काच आपोआप खोलगट होत जाते, खालची फुगीर. पूड बारीक बारीक करत न्यायची. सुरुवातीला दगड दळल्यासारखी खरखर असते, शेवटी नुसती कुजबुज उरते. मग पिचच्या थरावर सेरियम ऑक्साइडची पॉलिश. एवढं करून आरशाच्या मध्याला खळगा किती? जेमतेम दोन मिलिमीटर.

"खरं काम त्यानंतर," काका म्हणाले. घासून येतो तो गोलाचा तुकडा, आणि दुर्बिणीला हवा असतो पॅराबोला. काकांच्या आरशात या दोन आकारांमधला फरक एक मायक्रॉनही भरत नाही. माणसाचा केस त्याच्या पन्नास-साठ पट जाड. तो फरक मोजायला काकांकडे होतं काय, तर दाढीचं ब्लेड, बारीक भोक पाडलेला पत्रा आणि एक बल्ब. फ्रान्सच्या फूकोने एकोणिसाव्या शतकात काढलेली ही युक्ती. आरशावरून परतणारा प्रकाश जिथे एकवटतो, तिथे ब्लेडची धार आडवी सरकवायची, की सपाट दिसणाऱ्या काचेवर डोंगरदऱ्यांच्या सावल्या उमटतात. "आरशावर अंगठा ठेवा थोडा वेळ, मग काढा आणि बघा. अंगठ्याच्या उबेने तिथे टेकडी आलेली दिसते. काच निवली की टेकडी बसते." चाळीस वर्षं लोखंडात काढलेला माणूस हे सांगताना अजून चकित होत होता.

खोक्याची कल्पना जॉन डॉब्सनची. परिसंस्था निघाली त्याच १९४४ साली हा गृहस्थ सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त मठात दाखल झाला. विश्व समजून घ्यायचं तर ते आधी बघायला हवं, म्हणून मठात लपूनछपून आरसे घासू लागला आणि रात्री दुर्बीण ढकलत रस्त्यावरच्या लोकांना चंद्र दाखवू लागला. त्याचं हे बाहेर राहणं मठाला मानवेना. १९६७मध्ये त्याला मठ सोडावा लागला, आणि पुढच्याच वर्षी फुटपाथवरच्या आकाशनिरीक्षकांची संघटना उभी राहिली. त्याच्या बैठकीला ना मोटर, ना गिअर. काकांनीही खोक्याला सनमायका लावलाय आणि तो टेफ्लॉनच्या तुकड्यांवर टेकवलाय. बोटाने ढकललं तेवढीच नळी सरकते, बोट काढलं की तिथेच थांबते.

मोटर नसल्यामुळे होतं काय, की पृथ्वी फिरते ते कळतं. शंभरपट मोठा केलेला गुरू दृष्टिक्षेत्राच्या एका कडेने आत येतो आणि दोन मिनिटांत दुसऱ्या कडेने निघून जातो. रांगेतला माणूस "कुठाय? काही दिसत नाही" म्हणाला की काका नेत्रिकेला डोळा लावतात, नळीला तर्जनीचा धक्का देतात आणि बाजूला होतात. "आता बघा. चार ठिपके दिसतात का? ते चंद्र." हे साठ माणसांसाठी साठ वेळा. एका मुलीने विचारलं, "काका, तुम्ही कधी बघता?" म्हणाले, "तुमच्यासाठी लावताना बघतोच की."

शनीने मात्र त्या रात्री निराशा केली. साधारण पंधरा वर्षांनी एकदा त्याची कडी आपल्याकडे धार करून येते, आणि यंदा ती अजून सुईसारखीच होती. "पुस्तकात मोठी असते," एक पोरगा तक्रारीच्या सुरात म्हणाला.

अडचणींची यादी काकांनी मागितली नसताना दिली. पावसाळ्याचे चार महिने हातचे जातात. 'ज्योतिर्विद्या' ऐकून पत्रिका घेऊन येणारे अजून भेटतात, आणि त्यांना न दुखवता मृग नक्षत्राकडे वळवावं लागतं. नव्या पोरांना आरसा घासायला सात महिने नाहीत. आता स्वतःच तारा शोधून फोनवर चित्र पाठवणाऱ्या दुर्बिणी मिळतात. त्यातली एक त्या रात्री होतीही. मृगातल्या तेजोमेघाचं गुलाबी चित्र पाच मिनिटांत सगळ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर. काकांच्या दुर्बिणीत तोच मेघ राखाडी धुरासारखा दिसत होता. मला तो धूर जास्त आवडला. त्याचा प्रकाश सुमारे तेराशे वर्षं चालून थेट माझ्या डोळ्यात शिरत होता, म्हणून असेल. पण गुलाबी चित्राभोवती गर्दी मोठी होती, हेही खरं.

सगळ्यात मोठी अडचण उत्तरेला दिसतच होती. पुण्याच्या बाजूचं अर्धं आभाळ दुधाळ झालेलं. पूर्वी याच माळावरून देवयानीतली दीर्घिका नुसत्या डोळ्यांनी दाखवायचो, काका म्हणाले; आता दुर्बिणीशिवाय सापडत नाही. भोवती फार्महाउसं उठलीत. दीडशे पावलांवर एकाच्या फाटकावर एलईडीचा दिवा होता, थेट आमच्या तोंडावर.

एकच्या सुमाराला मी आणि कॉलेजचा एक मुलगा विनंती करायला गेलो. राखणदार कांबळं पांघरून काठी घेऊन बसले होते. "दिवा बंद करता येत नाही, साहेब. बिबट्या फिरतो. परवा पलीकडचं कुत्रं नेलं."

यावर काय बोलणार? मुलगा म्हणाला, "मामा, गुरू बघायला येता का?"

त्यांनी जरा विचार केला, आत जाऊन बटण दाबलं आणि काठी घेऊनच आमच्याबरोबर आले. काकांनी नळीला बोट लावलं. मामा वाकले, काठी तशीच हातात. गुरू कडेला जाईपर्यंत बघत राहिले.

"गेला," म्हणाले.

काकांनी पुन्हा लावून दिला. तो जाईपर्यंत पाहिला, मग फाटकाकडे नजर टाकून उठले. थोड्या वेळाने दिवा पुन्हा लागला.

काका नेत्रिकेवर हाताचा आडोसा धरून पुढच्याला बोलवत होते.